बुरूज किती दिसतात?

भोरच्या आमच्या जुन्या घरात स्वयंपाकघराच्या दाराला सागवानी चौकट आहे. तिच्या डाव्या बाजूस पेन्सिलीने ओढलेल्या आडव्या रेघा अजूनही दिसतात. प्रत्येक रेघेशेजारी तारीख आहे आणि सेंटिमीटरचा आकडा आहे. माझा मुलगा पहिलीत गेला त्या वर्षापासून तो पाचवी पूर्ण करीपर्यंत, दर दिवाळीच्या पाडव्याला, दुकानातील नव्या चोपड्यांची पूजा आटोपली की मी त्याला त्या चौकटीला पाठ लावून उभे करीत असे, डोक्यावर पट्टी आडवी धरीत असे आणि रेघ ओढीत असे. बँकेच्या नोकरीमुळे नोंदी ठेवण्याची सवय अंगवळणी पडली होती. तीच घरीही चालवली.

मागच्या उन्हाळ्यात घराला रंग द्यायला काढला, तेव्हा रंगाऱ्याने चौकट घासून घेऊ का, असे विचारले. मी नको म्हणालो. त्या रेघांपुढे बराच वेळ उभा राहिलो. आकडे नेमके आहेत, तारखाही नेमक्या आहेत. तरीही त्या पाच वर्षांपैकी सुमारे दीड वर्ष मी माझ्या मुलाकडे पाहिलेच नव्हते, याची नोंद त्या चौकटीवर कोठेही नाही. ती येथे करावी असे वाटले, म्हणून हा लेख.

सहा ते अकरा या वयाकडे घरातील मोठ्यांचे लक्ष तसे कमीच असते. तान्ह्या मुलाचे पहिले पाऊल, पहिला शब्द, पहिला दात यांचे आपल्याला अपार कौतुक. पुढे तेरा-चौदाव्या वर्षी आवाज फुटू लागला, मुले उलट उत्तरे देऊ लागली, की आपल्याला काळजी. मधली पाच वर्षे मात्र शाळा, गृहपाठ, वह्यांना कव्हरे यांतच निघून जातात. मूल वाढत असते, पण त्याचा आवाज होत नाही. या वयात उंची वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटिमीटर वाढते आणि वजन २ ते ३ किलो. चौकटीवरच्या दोन रेघांमध्ये तीन बोटांचे अंतर, एवढेच काय ते दिसते.

प्रत्यक्षात आत पुष्कळ काही चाललेले असते, आणि प्रत्येक अवयवाचे वेळापत्रक निराळे असते. सहाव्या वर्षी मेंदूचा आकार मोठ्या माणसाच्या मेंदूच्या सुमारे ९० टक्के झालेला असतो, तर हातपाय अजून निम्म्या वाटेवर असतात. दुधाचे वीस दात सहाव्या ते बाराव्या वर्षांच्या दरम्यान एकेक करून पडतात. मात्र सहाव्या वर्षीच, दुधाच्या दाढांच्या मागे, कोणताही दात न पडता एक नवी दाढ येते. ती कायमची असते. आपण तिला दुधाची समजतो, कीड लागली तरी पडून नवीन येईल म्हणतो, आणि आयुष्यभराची दाढ आठव्या-नवव्या वर्षीच गमावून बसतो. चौथी-पाचवीच्या वर्गात मुली मुलांपेक्षा उंच दिसू लागतात, कारण मुलींची झपाट्याने होणारी वाढ मुलांच्या सुमारे दोन वर्षे आधी सुरू होते. त्यात काही बिघडलेले नसते, पण एकाच वर्गातील दोन मुलांना शेजारी उभे करून तुलना करण्याचा मोह घरोघरी होतो.

बुद्धीच्या वाढीचेही असेच आहे. माझे स्वतःचे बालपण भोरच्या पेठेत, वडिलांच्या किराणा-भुसार दुकानात गेले. १९६७-६८ च्या सुमाराची गोष्ट. मेट्रिक वजने कायद्याने सक्तीची होऊन पाच-सहा वर्षे झाली होती, पण खेड्यांतून बाजाराला येणारी वयस्कर माणसे अजून शेर-पायलीतच बोलत. शाळेत मी पावकी, निमकी, पाऊणकी घोकत होतो. पाठ सगळे होते, पण अर्थ काही लागत नव्हता. तो लागला दुकानात. पाव किलोची चार वजने एका पारड्यात आणि किलोचे एक वजन दुसऱ्यात ठेवून काटा मध्ये स्थिर झालेला पाहिला, त्या दिवशी ‘पाव चोक एक’ हे मला खऱ्या अर्थाने आले. या वयात हाताला कळले की मग डोक्याला कळते. स्वित्झर्लंडमधील जाँ पियाजे या मानसशास्त्रज्ञाने आयुष्यभर मुलांचे निरीक्षण करून साधारण हेच सांगितले. सात ते अकरा या वर्षांत मूल तर्क करू लागते, पण तो तर्क डोळ्यांपुढच्या, हाताळता येणाऱ्या वस्तूंच्या आधाराने चालतो.

माझ्या नातीवर मी याचा प्रयोग करून पाहिला. ती पाच वर्षांची असताना तिच्यासमोर उंच पेल्यातील ताक पसरट वाडग्यात ओतले आणि विचारले, “आता ताक तेवढेच आहे की कमी झाले?” “कमी झाले,” ती ठामपणे म्हणाली. सात वर्षांची झाल्यावर पुन्हा तेच केले. ती हसली. “आजोबा, तुम्ही फक्त ओतलेत ना!” मधल्या दोन वर्षांत हे तिला कोणी शिकवले नव्हते. पाचव्या वर्षी मी तिला ‘चूक’ म्हणून रागावलो असतो, तर तिने माझ्या भीतीने ‘तेवढेच’ म्हणायला शिकून घेतले असते. समज मात्र आपल्या वेळेलाच आली असती.

हे शहाणपण मला नातीच्या वेळी आले. मुलाच्या वेळी ते नव्हते.

१९९३ साली माझी बदली वेल्ह्याच्या शाखेत झाली. कुटुंब भोरलाच राहिले. सकाळी लवकर एस.टी.ने कापूरव्होळ, तेथून नसरापूर आणि मग आंबवणे, मार्गासनी, विंझर करीत वेल्हे, असा माझा रोजचा प्रवास. घरी पोहोचेपर्यंत रात्र. मुलाशी भेट होई ती जेवणाच्या पाटावर आणि त्याच्या वह्यांवर सही करताना. १९९४ च्या जूनमध्ये तो तिसरीत गेला. त्याआधीच्या वर्षापासूनच वह्यांवर लाल शाईचे शेरे येऊ लागले होते. ‘लक्ष नाही.’ ‘अपूर्ण.’ आणि पुढे, ‘शेजाऱ्याचे पाहून लिहितो.’

मला कोडे पडे. घरी त्याचे तीसपर्यंतचे पाढे तोंडपाठ होते. पुस्तक हातात दिले की तो झरझर वाचीत असे. दुकानातील सुटी नाणी माझ्यापेक्षा चपळाईने मोजून ठेवीत असे. म्हणजे याला येते, पण हा करीत नाही, असा मी निष्कर्ष काढला. आळस आणि बेपर्वाई, दुसरे काय असणार? शिवाय वर्गात तो सर्वांत उंच होता. उंच मुलाकडून आपण नकळत मोठ्या वयाची अपेक्षा करतो, मीही केली. एवढा थोराड मुलगा आणि फळ्यावरचे चार शब्द नीट उतरवून घेता येऊ नयेत!

एका रात्री वही उघडली तर शेजारच्या मुलाच्या दोन चुका जशाच्या तशा याच्या वहीत उतरलेल्या होत्या. बाईंनी त्या लाल शाईने जोडून दाखवल्या होत्या. माझी नोकरी हिशेब तपासण्याची. नक्कल केलेली नोंद मला कशी सहन व्हावी?

“पाहून लिहिलेस?”

“हो.”

“का?”

तो गप्प राहिला. ते गप्प राहणे मला उद्धटपणाचे वाटले आणि मी त्याला थप्पड मारली. आमच्या घरात मुलांवर हात उगारण्याची रीत नव्हती. माझ्या वडिलांनी मला कधी मारले नव्हते. पुढचे कित्येक दिवस मी त्याच्या वहीवर सही करीत होतो आणि बोलत काहीच नव्हतो.

जानेवारी १९९५ मधील एका शनिवारी त्याच्या शाळेला सुट्टी होती, म्हणून मी त्याला सोबत वेल्ह्याला नेले. शनिवारी बँक अर्धा दिवस. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीवरील जिल्हा परिषदेच्या शाळेचे गुरुजी त्या दिवशी सकाळची शाळा सोडून पाच-सहा मुलांना बँक दाखवायला घेऊन आले होते. काउंटर, तिजोरीची खोली, शिक्के असे सगळे पाहून झाल्यावर मुले बाहेर अंगणात उभी राहिली. माझा मुलगाही त्यांच्यात जाऊन उभा राहिला. समोर तोरणा. वेल्ह्यात कोठेही उभे राहा, तोरणा समोर असतोच. जानेवारीतील स्वच्छ उन्हात वरची तटबंदी चांगली उठून दिसत होती.

गुरुजींनी विचारले, “तटाला बुरूज किती दिसतात रे?”

मुले बोटाने मोजू लागली. कोणी तीन म्हणाला, कोणी चार. माझ्या मुलाने शेजारच्या मुलाकडे पाहिले आणि तो म्हणाला, “तीन.”

गुरुजी क्षणभर थांबले. मग म्हणाले, “आणि डाव्या अंगाला ती गुरे चरतायत, ती किती?”

वाडीवरची मुले गोंधळली. “गुरे कुठायत, गुरुजी?” माझा मुलगा मात्र लगेच म्हणाला, “पाच.”

गुरे नव्हतीच.

मुलांना खेळायला पाठवून गुरुजी माझ्याजवळ आले. “साहेब, चिरंजीव हुशार आहेत. पण त्यांना डोंगर दिसतो, डोंगरावरचे दिसत नाही. एकदा डोळे दाखवून घ्या.”

मी काही बोलू शकलो नाही. दीड वर्ष मी ज्याला नक्कल म्हणत होतो, ती माझ्या मुलाने स्वतःपुरती शोधलेली वाट होती. उंच असल्यामुळे त्याला वर्गात शेवटच्या ओळीत बसवलेले होते. फळा त्याला दिसत नव्हता, पण शेजारच्याची वही दिसत होती.

पुढच्या आठवड्यात पुण्याला जाऊन डोळे तपासले. दोन्ही डोळ्यांना उणे अडीचचा नंबर निघाला. डॉक्टरांनी समजावून सांगितले की शाळेच्या वयात शरीराबरोबर डोळ्याचा गोलही वाढत असतो. तो प्रमाणाबाहेर लांब झाला की जवळचे स्पष्ट आणि दूरचे धूसर दिसू लागते. म्हणजे ज्या वाढीच्या रेघा मी दारावर हौसेने ओढीत होतो, तीच वाढ डोळ्याच्या आतही चालू होती. तिची रेघ ओढण्याचे मला सुचले नव्हते.

चष्मा लावून परत येताना एस.टी.च्या खिडकीशी तो बसला होता. कात्रजचा घाट उतरून बस खेड-शिवापूरच्या बाजूला लागली. बराच वेळ तो बाहेरचे डोंगर पाहत होता. मग माझ्याकडे वळून त्याने विचारले, “पप्पा, हे सगळ्यांना रोज असे दिसते का?”

एवढ्या वर्षांत मुलांविषयी मी पुष्कळ वाचले, पुष्कळ ऐकले. या एका प्रश्नाने जे शिकवले ते कोठे मिळाले नाही. ‘का?’ असे मी विचारले तेव्हा तो गप्प राहिला, कारण त्याच्याजवळ खरोखर उत्तर नव्हते. आपल्याला कमी दिसते हे त्याला माहीतच नव्हते. सर्वांना असेच दिसत असणार, फक्त इतरांना ते वाचता येते आणि आपल्याला येत नाही, असे त्याने धरून चालले होते. कमी ऐकू येणारे मूल, पोटात जंत असलेले मूल, अपुरी झोप होणारे मूल, अक्षरांची उलटापालट होणारे मूल, यांपैकी कोणीही आपण होऊन तक्रार करीत नाही. दुसऱ्याच्या डोळ्यांनी जग कसे दिसते हे त्याला कळणार कसे? ते पाहणे हे मोठ्यांचे काम आहे, आणि ते केल्याशिवाय मुलाला आळशी किंवा खोटे ठरवण्याचा आपल्याला अधिकार नाही.

चष्म्याने सारे सुरळीत झाले असे मात्र नाही. फळा दिसू लागला तरी तो शेजारच्या वहीकडे पाहतच राहिला. उत्तर येत असताना दुसऱ्याने लिहिलेले पाहून खात्री करून घेई आणि स्वतःचे बरोबर उत्तर खोडून त्याचे चुकीचे लिही. एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाने शालेय वयाविषयी म्हटले आहे की, आपल्या हातून काम नीट होते की आपण इतरांपेक्षा कमी आहोत, हा या वर्षांतील मुलाच्या मनातला मुख्य प्रश्न असतो. माझ्या मुलाला त्याचे एक उत्तर मिळून गेले होते, आणि ते देण्यात माझ्या हाताचा वाटा होता. ते उत्तर पुसायला पाचवी उजाडली.

त्या गुरुजींच्या शाळेत मी नंतर अनेकदा गेलो. पहिली ते चौथीची मिळून अठरा-वीस मुले, एका खोलीत दोन इयत्ता. भाताच्या लावणीच्या दिवसांत निम्मी मुले आईबापांबरोबर खाचरात. ओढ्याला पाणी चढले की पलीकडची मुले घरीच. पाठ्यपुस्तकात रेल्वेचा धडा होता आणि वर्गातील एकाही मुलाने रेल्वे पाहिलेली नव्हती. परंतु कोणत्या मुलाच्या कानातून पाणी येते, कोण सकाळी न जेवता येते, कोणाला ‘र’ म्हणता येत नाही, हे गुरुजींना पाठ होते. कोणते मूल काय पाहू शकत नाही हे त्यांना पाच मिनिटांत कळले, त्यामागे ही रोजची सवय होती.

आज त्या भागातील लहान शाळांचा प्रश्न वरचेवर चर्चेत येतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीची शाळा मुलाच्या घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी, अशी अपेक्षा आहे. दुसरीकडे वाड्या-वस्त्या रिकाम्या होत आहेत आणि काही शाळांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी मुले उरली आहेत. २०२३ मध्ये राज्यात कमी पटाच्या शाळांऐवजी समूह शाळांचा विचार पुढे आला, तेव्हा उदाहरण म्हणून नंदुरबारच्या तोरणमाळबरोबर वेल्हे तालुक्यातील पानशेतचे नाव घेतले गेले. (या तालुक्याला आता राजगड हे नाव देण्यात आले आहे.) दोन्ही बाजूंत तथ्य आहे. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला बरोबरीचे सवंगडी लागतात. नियमांचे खेळ, भांडण, समेट हे सारे एकट्याने शिकता येत नाही. आणि सहा वर्षांच्या मुलाला घर जवळ लागते, डोंगरातल्या पावसात तर फारच. मी शिक्षणतज्ज्ञ नाही, त्यामुळे निवाडा करणार नाही. शाळा कोणतीही ठरवा, प्रत्येक मुलाकडे नाव घेऊन पाहणारे एक मोठे माणूस तिथे असले पाहिजे, एवढेच म्हणेन.

आता सोयीही वाढल्या आहेत. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली सरकारी व अनुदानित शाळांतील मुलांची वर्षातून एकदा आरोग्य तपासणी होते. दुपारच्या शालेय आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत असा दंडक आहे. आपली मुले खासगी शाळांत जातात, त्यांची तपासणी आपणच करायची. डोळे, कान आणि दात वर्षातून एकदा दाखवायला एक सकाळ पुरते. मुलांना रोज तासभर तरी धावू-खेळू द्यावे. दिवसाउजेडी घराबाहेर खेळणाऱ्या मुलांना दूरचे न दिसण्याचा दोष कमी प्रमाणात जडतो, असेही आढळले आहे.

गेल्या वर्षी माझ्या नातीच्या पुण्यातील शाळेतून मोबाइलवर निरोप आला, ‘वर्गात लक्ष नसते.’ ती आठ वर्षांची आहे. निरोप वाचून माझ्याच छातीत धस्स झाले. मुलगा मात्र शांत होता. त्याने आधी तिचे डोळे तपासून घेतले, मग कान. दोन्ही उत्तम. मग त्याने आठवडाभर तिच्या झोपण्या-उठण्याच्या वेळा लिहून काढल्या. (नोंदीची सवय त्याच्यातही उतरली आहे.) या वयाच्या मुलांना रोज ९ ते १२ तास झोप लागते. आईवडील कामावरून उशिरा येतात, जेवणे उशिरा होतात, त्यामुळे ती रात्री अकराला झोपत होती आणि सकाळी सहाला उठत होती. सूर्यास्तापूर्वी जेवण्याची आपल्याकडची जुनी शिस्त मुलांच्या झोपेलाही किती सोयीची होती, हे तेव्हा ध्यानात आले. मुलीचे जेवण आता सातच्या आत उरकते आणि ती नऊला झोपते. पुन्हा निरोप आलेला नाही.

त्या रात्री मी मुलाजवळ त्या थपडेचा विषय काढला. तीस वर्षांत प्रथमच. माझी चूक झाली, असे म्हणालो. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, “पप्पा, मारल्याचे मला फारसे आठवत नाही. तुम्ही नंतर सही करताना बोलत नव्हता, ते आठवते.”

यंदा दिवाळीच्या पाडव्याला सगळे भोरला जमलो होतो. नातीला चौकटीला पाठ लावून उभे केले आणि तिच्या वडिलांच्या रेघांच्या शेजारी तिची रेघ ओढली. त्याच वयात तो तिच्यापेक्षा चार बोटे उंच होता. तिने ते पाहिले आणि विचारले, “मी कमी आहे का, आजोबा?” मी तिला तिची मागच्या वर्षीची रेघ दाखवली, तिच्यावर ती साडेपाच सेंटिमीटर वाढली होती. मग तिला गच्चीवर नेले आणि रोहिड्याच्या बाजूच्या डोंगरांकडे बोट करून म्हटले, “तिकडे तुला काय काय दिसते, ते सगळे मला सांग.” ती सांगत राहिली आणि मी ऐकत राहिलो.